विहीर खोदताना काठ का ढासळतो?

यावल-रावेरकडे तापीचा गाळ खोल आहे. धुळे-नंदुरबारकडे माती-मुरुमाखाली लवकर काळा पाषाण लागतो. दोन्ही जमिनी वेगळ्या तऱ्हेने ढासळतात.

मातीचा काठ ढासळण्याआधी बहुधा खूण देतो: कडेपासून हात-दोन हात मागे, काठाला समांतर बारीक भेग. ती दिसली की माणसं लगेच वर काढा. भेगेत पाणी शिरलं तर तेच पाणी कडा आत ढकलतं. उपसलेली माती काठावर नकोच. एक घनमीटर म्हणजे साधारण दीड-पावणेदोन टन ओझं! ढीग निदान खड्ड्याच्या खोलीइतका लांब टाका. मातीच्या थराला सरळ कडा ठेवू नका: एक मीटर खोलीला कडा एक ते दीड मीटर मागे घेऊन उतार द्या, नाहीतर सिमेंटच्या रिंगा.

पाषाण सहसा त्याच्या सांध्यांवर, म्हणजे दगडातल्या नैसर्गिक भेगांवर, सुटतो. सुरुंगानंतर पहारीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर दगड पक्का. बद्द आला तर सुटलेला, तो वरून खाली येत पाडा.

भरलेली कच्ची विहीर मोटार लावून एकदम उपसू नका. आतल्या पाण्याचा आधार जातो, ओली माती जड राहते, आणि काठ आत येतो.