पत्रा, फरशी, टाकी: काट्यावर न चढवता वजन कसं काढायचं

सूत्र शाळेतलंच आहे, आकारमान गुणिले घनता. लांबी-रुंदी टेपने घ्या, जाडी मात्र व्हर्नियरनेच (एमएमचे दशांशही दाखवणारं मोजमापाचं साधन), कारण 5 एमएम सांगून दिलेला पत्रा 4.7 निघाला की 6 टक्के फरक तिथंच पडला.

घनता पाठ असू द्या: पाणी 1000, अॅल्युमिनियम 2700, लोखंड 7850, तांबं 8960, सगळं किलो प्रति घनमीटर.

आता खरी गोम, युनिट. मलाही सुरुवातीला हेच जड गेलं. आपल्याकडं सोलापुरात पत्रा बोलतात फुटात, जाडी एमएममध्ये आणि घनता पुस्तकात घनमीटरला, आणि लोकं आधी गुणाकार करून मग युनिट बदलायला बसतात. असं अजिबात करू नका! आधी प्रत्येक माप मीटरमध्ये आणा, मगच गुणा. 8 बाय 4 चा 5 एमएम पत्रा घ्या. फुटाला 0.3048 ने गुणायचं, एमएमला 1000 ने भागायचं, म्हणजे 2.438 × 1.219 × 0.005 = 0.01486 घनमीटर, गुणिले 7850, साधारण 116.7 किलो. हेच घनफुटात काढून 7850 ने गुणलं तर चार टनाच्या वर जातं, ते निदान डोळ्याला खटकतं तरी. पण 5 एमएमला 0.05 मीटर लिहिलं की 1167 किलो येतं आणि हा आकडा खरा वाटतो, म्हणून दहापटीची चूक सगळ्यात वाईट, गाडी ठरवताना, क्रेन बोलावताना तीच अंगलट येते. पडताळा एकच ठेवा, 1 एमएम जाडीचा 1 चौरस मीटर लोखंडी पत्रा 7.85 किलो. याच्याशी जुळलं नाही तर परत मोजा.

सळईला मात्र व्यास एमएममध्येच ठेवा, त्याचा वर्ग भागिले 162, मीटरला किलो येतात. 12 एमएमला 0.89. पण हा 162 लोखंडाच्या गोल सळईपुरताच आहे, तांब्याला, चौकोनी बारला सर्रास लावतात ते साफ चूक.

शहाबादी फरशी 2 बाय 2 फूट, इंचभर जाड, घनता 2600 धरली तर नगाला 24-25 किलो. दगड खाणीप्रमाणे बदलतो, म्हणून एक तुकडा वजन करून काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवा, सांडलेलं पाणी मोजा, ग्रॅमला मिलीलिटरने भागा आणि 1000 ने गुणा, तुमच्या फरशीची घनता मिळाली.

पोकळ वस्तूला बाहेरच्या आकारमानातून आतलं वजा करा. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं म्हणून स्लॅबवर मोठ्या टाक्या चढतात, तिथं हे फार महत्त्वाचं. बाहेरून लांबी-रुंदी-उंची 1-1 मीटर, 4 एमएम लोखंडी पत्र्याची, झाकणासकट टाकी 187 किलोची, आतलं पाणी 976, म्हणजे भरल्यावर 1163 किलो. स्लॅबसाठी इंजिनियरला हा भरलेल्या टाकीचा आकडा द्या, रिकाम्या टाकीचा नाही.