जँगो इन्स्टॉल झालं पण जँगो-ॲडमिन सापडत नाही? आधी हे बघा

ठाण्यात क्लास लावलेली किंवा ऐरोली-महापेला नवीन जॉईन झालेली बरीच मुलं इथेच अडकतात, जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) टाकताना पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) म्हणतं सक्सेसफुली इन्स्टॉल्ड आणि जँगो-ॲडमिन (नवीन प्रोजेक्ट बनवायची कमांड) टाइप केलं की विंडोज म्हणतं अशी कमांडच नाही. घाबरून सगळं अनइन्स्टॉल करू नका प्लीज, फाईल बहुतेक वेळा असते, फक्त विंडोजला तिचा पत्ता माहीत नसतो.

इन्स्टॉल करताना पिवळ्या अक्षरात एक वॉर्निंग येते ना, जी सगळे सोडून देतात, ती नीट वाचा, त्यात स्क्रिप्ट्स फोल्डरचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो आणि हा फोल्डर 'पाथ'मध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही असंही स्पष्ट सांगितलेलं असतं. तो फोल्डर उघडून बघा, जँगो-ॲडमिन डॉट ईएक्सई तिथेच बसलेली दिसेल. मग त्या फोल्डरचा पत्ता 'पाथ' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाका आणि टर्मिनल बंद करून परत उघडा, जुन्या विंडोला बदल कळत नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, वापरत असाल (वापराच!) तर आधी ॲक्टिव्हेट करा. पॉवरशेल अडवत असेल तर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून करा, चालतं. आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर दुसरीकडे हलवला असेल तर नवीन बनवा, कारण आतल्या फाईल्समध्ये जुनाच पाथ असतो.

जुन्या नोट्समधली डॉट पीवाय वाली जँगो-ॲडमिन शोधत बसू नका, ती जँगो 4.0 पासून काढून टाकलीये.

घाईत असाल तर 'पायथन -एम जँगो स्टार्टप्रोजेक्ट' आणि पुढे प्रोजेक्टचं नाव, म्हणजे पाथची भानगडच नाही.