गावात जाताय? मग या चुका टाळा

कॉलेजच्या मुलांना समाजाच्या कामाला नेणारी राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) १९६९ पासून आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे समाजसहभागाच्या कामाला क्रेडिटही (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) मिळतात, त्यामुळे गावात जाणारी मुलं वाढली. चुका मात्र त्याच होतात आणि त्यांचा त्रास गावाला होतो, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे माहिती घेऊन जायचं आणि परत तोंड दाखवायचं नाही. ही मी स्वतः केली आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी उतरल्यावर करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात मी ४० मुलं घेऊन गेलो. हातात ३२ प्रश्नांचा फॉर्म: माणसं किती, जनावरं किती, काय काय वाहून गेलं. दोन दिवसांत मुलांनी गाव पालथं घातलं. अहवाल झाला, मार्क मिळाले, गठ्ठा कपाटात गेला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर. तेच गाव, तोच फॉर्म, मुलं फक्त नवी. एक आजी उंबऱ्यात बसून भिजलेली ज्वारी पसरत होत्या. मागच्या भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा, एक एकोणीसची, एक एकविसची. फॉर्म बघून त्या म्हणाल्या, "मागल्या बारीला बी तुमच्यातलीच पोरं आलती. म्हशीचं सांगताना रडलो हुतो मी त्यांच्यापुढं. त्या कागदाचं काय झालं रं बाळा?"

तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. उत्तर मी द्यायचं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

फॉर्म पिशवीत ठेवले. आत्ता काय अडलंय, एवढंच विचारत फिरलो. आधार कार्डावर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, म्हणून मदतीचे पैसे अडकलेली घरं निघाली. कॉमर्सच्या मुली दोन दिवस देवळात बसून अर्ज लिहीत होत्या. नंतर तलाठी आणि बँकेकडे हेलपाटेही त्यांनीच घातले. केवायसी म्हणजे काय, हे त्यांना त्या देवळात कळलं.

तेव्हापासून परत यायची तारीख गावाला सांगितल्याशिवाय मी पहिला प्रश्न विचारू देत नाही. अहवाल दोन पानांचा, मराठीत, आणि २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत मुलांनीच उभं राहून वाचायचा. गाव चुका काढतं, आणि त्या काढायलाच हव्यात.

दुसरी चूक वेळेची. सकाळी ११ ला बस भरून जाल तर घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील, बाकी सगळे रानात. ऊसतोडीच्या दिवसांत तर विचारूच नका. पहिल्या फेरीला मी एकटा जातो, संध्याकाळी, दूध संस्थेत दूध घालायच्या वेळेला. किटल्या घेऊन अर्धं गाव तिथं येतं. वही काढत नाही, तासभर नुसता ऐकत बसतो. "सर, त्यापेक्षा गुगल फॉर्म पाठवूया की" म्हणणाऱ्या मुलाला पुढच्या फेरीला मुद्दाम सोबत नेतो.

दरवर्षी नवं गाव घेऊ नका. एकाच गावात तीन-चार वर्षं जा. 'दत्तक गाव' हा शब्दही मला खटकतो. शेकडो वर्षांचं गाव आपण कोण दत्तक घेणार?

पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय रोपं लावू नका. घाटावरचा कचरा गोळा करण्याआधी तो उचलायला गाडी कधी येणार ते विचारा, नाहीतर पोती तिथंच पडून राहतात. बॅनर आणि फोटो शेवटच्या दिवशी, तेही विचारून.

आणि मुलांची कामाची डायरी. योजनेत वर्षाला करायचे १२० तास एका रात्रीत, एकाच पेनानं भरलेले लगेच ओळखू येतात. मी प्रत्येक भेटीखाली एकच गोष्ट लिहायला लावतो: ज्या घरी चहा घेतलात, तिथल्या दोघांची नावं आणि ते काय करतात. नावं नसतील तर ते तास मी धरत नाही.