‘केसरी’वरील राजद्रोहाचे खटले मुळातून कसे अभ्यासावेत

‘केसरी’ने वृत्तपत्रस्वातंत्र्यासाठी काय सोसले हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत; परंतु ज्या मजकुरासाठी शिक्षा झाली तो स्वतः वाचल्याखेरीज त्या संघर्षाचे खरे स्वरूप कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आरंभी तारखांची वही घालावी. ४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात निघालेले हे साप्ताहिक मंगळवारी प्रसिद्ध होत असे, त्यामुळे घटना आणि अंक यांचा क्रम लावणे सोपे जाते. १८८२ साली कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयीच्या मजकुरावरून टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तो खटला अब्रुनुकसानीचा होता, म्हणून त्याची नोंद वेगळी ठेवावी.

१८९७चा खटला अभ्यासताना विशेष सावध राहावे. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या ६ जुलैच्या अग्रलेखामुळे टिळकांना शिक्षा झाली, असा समज पुष्कळदा आढळतो. प्रत्यक्षात आरोप होता तो १५ जूनच्या अंकातील शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता यांवर, आणि पुण्यातील प्लेग-अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली ती त्यानंतर एका आठवड्याने, २२ जूनच्या रात्री. हा क्रम समोर ठेवून दंडसंहितेचे राजद्रोहाविषयीचे कलम १२४-अ वाचावे. न्या. स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी ठोठावली. पुढच्याच वर्षी ते कलम दुरुस्त करून अधिक व्यापक करण्यात आले. म्हणून कलमाचा १८९८ पूर्वीचा व नंतरचा, असे दोन्ही पाठ जवळ असावेत.

१९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यासाठी १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन अग्रलेख पुरेसे आहेत. दुसरा लेख निघण्याच्या आदल्याच दिवशी वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर झाला होता, हे लक्षात घेतले की त्यातील शब्दाशब्दाला निराळे वजन येते. येथे घाई करू नये, कारण खटल्याचा गाभा भाषांतरात आहे. मराठी लेख इंग्रजी भाषांतरातून न्यायालयापुढे गेले, आणि त्या भाषांतराने मूळ अर्थ बिघडवला असे टिळकांनी स्वतः बचाव करताना तपशिलाने मांडले. तरीही ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड सुनावला.

टिळकांचे सहकारी न. चिं. केळकर यांनी या खटल्याचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यातील भाषांतर एका बाजूस व मूळ परिच्छेद दुसऱ्या बाजूस उतरवावा, टिळकांनी हरकत घेतलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी, आणि तेच शब्द त्या महिन्यांतील इतर अंकांत कोणत्या अर्थाने आले आहेत ते शोधून समासात टिपावे.