पुनर्विकासात किती घरं होतील, हे आधी आपण मोजावं

बिल्डरला सभेत बोलावण्याआधी सोसायटीच्या समितीनं एक हिशेब स्वतः करावा: आपल्या जमिनीवर एकूण किती कुटुंबं राहू शकतील? क्षेत्रफळ सगळेच मोजतात, घरं कुणी मोजत नाही. मी मुलुंडमधल्या एका सोसायटीची खजिनदार. आमच्याकडे वाढलेली मुलं लग्नानंतर बदलापूर-विरारला गेली, कारण इथल्या नव्या इमारतींत त्यांना परवडेल असं लहान घरच नव्हतं. टंचाईच्या शहरात वाढीव एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) द्यायचा तो जास्त माणसांना छप्पर मिळावं म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

आधी कागद जमवा. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशे, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) आणि महापालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात आपल्या भूखंडाबद्दल काय आहे त्याचा दाखला. रिमार्कमध्ये पहिली नजर रस्त्याच्या रुंदीवर टाका, कारण डीसीपीआर २०३४ मध्ये, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीत, सगळं गणित रस्त्यावर बेतलेलं आहे. उपनगरात मूळ एफएसआय १. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर नेहमीच्या नियमानं त्यावर प्रीमियमचा (शुल्क भरून मिळणारा) एफएसआय नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क) नाही. ९ मीटरपासून पुढे ०.५ प्रीमियम भरून आणि ०.५ टीडीआरचा, म्हणजे एकूण २. रस्ता आणखी रुंद असला तर टीडीआर वाढतो. रस्तारुंदीत आपली किती जागा जाते तेही इथेच कळतं. विमानतळाजवळ, पार्ले-सांताक्रूझ भागात असाल, तर उंचीची मर्यादा आधी तपासा, नाहीतर कागदावरचा एफएसआय कागदावरच राहतो.

आता आकडेमोड. समजा, भूखंड १,००० चौ.मी., रस्ता ९ मीटरचा, २४ घरं, प्रत्येकी ४० चौ.मी. बांधीव (भिंतींसह). एफएसआय २ धरून २,००० चौ.मी. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र, धरून एकूण २,७००. जुन्या सभासदांच्या मूळ क्षेत्रावर हा फंजिबल प्रीमियमशिवाय मिळतो, म्हणून प्रत्येकाचे ४० चे ५४ होतात. २४ घरांचे १,२९६. विक्रीला उरले १,४०४ चौ.मी. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर याच नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर घरामागे १० चौ.मी., यांपैकी जास्त असेल ते वाढीव मिळतं. इथे ते २४० होईल. ही ओळ वेगळी मांडा आणि आर्किटेक्टला ती कुठे, कशी धरली ते विचारा.

या १,४०४ मध्ये १०८ चौ.मी.ची १३ घरं बसतात. ५० चौ.मी.ची केली तर २८. म्हणजे त्याच जमिनीवर, त्याच एफएसआयमध्ये, एकूण ३७ कुटुंबं किंवा ५२. नियमातला आकडा दोन्हीकडे सारखाच. पंधरा कुटुंबांचा फरक फक्त आपल्या निविदेतल्या एका अटीनं पडतो, हे सभासदांना फळ्यावर लिहून दाखवा.

लगेच प्रश्न येईल: एवढ्या गाड्या ठेवायच्या कुठे? इथे नियम लहान घरांच्या बाजूनं आहे. कार्पेट (भिंती वगळून आतलं क्षेत्र) ४५ चौ.मी.पर्यंतच्या चार घरांमागे एक पार्किंग लागतं, ९० च्या वरच्या एका घरामागे दोन. आपली ५० बांधीवची घरं पहिल्या गटात बसतील अशी आखायची, १०८ ची दुसऱ्या गटात धरली आहेत. २८ लहान घरांना ७ गाड्यांची जागा, १३ मोठ्यांना २६. पाहुण्यांचं पार्किंग वेगळं. पाणी आणि लिफ्टचा प्रश्न मात्र खरा आहे. तो टाळू नका. टाक्यांची क्षमता आणि लिफ्टची संख्या घरांच्या संख्येवरून ठरवून निविदेत लिहा. देखभालीचा खर्च वाटून घ्यायला जास्त घरं असतात, हेही सांगा.

अट घालायची वेळ निविदेची. विकास करारावर सह्या झाल्या की विक्रीच्या घरांचे नकाशे आपल्या हातात राहत नाहीत. आमच्या मसुद्यातलं वाक्य असं: “विक्रीच्या घरांपैकी किमान निम्मी घरं ४५ चौ.मी. कार्पेटच्या आत असतील.” बिल्डर म्हणेल, परवडत नाही. त्याच्याकडून दोन्ही प्रकारांचा ताळेबंद मागा, आणि प्रकल्प सल्लागाराच्या व्यवहार्यता अहवालातही दोन्ही तक्ते शेजारी शेजारी घ्या. सभासदांचा कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) थोडा कमी होणार असेल तर तोही आकडा लपवू नका. माझं मत असं की थोडा कमी कॉर्पस घेऊन आपल्याच मुलांना इथे राहता येत असेल तर तो घ्यावा. पण ठरवायचं सगळ्यांनी, आकडे बघून.

विकासक निवडीची विशेष सभा सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे घ्यावी लागते: दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मान्यता, निबंधकांचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण. आपली अट त्या सभेत मोठ्यानं वाचा आणि इतिवृत्तात शब्दशः उतरवून घ्या.