मास्टर सिलिंडर नवा टाकला तरी ब्रेक पेडल मऊच? या चुका टाळा

नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पार्ट) बसवला, चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, आणि पेडल दाबलं तर पाय पार खाली मॅटला टेकतोय. असं झालं की पहिला विचार येतो पार्टच खराब निघाला, दुसरा येतो अजून एकदा हवा काढू, मग अजून एकदा, आणि बघता बघता ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या संपतात तरी पेडल होतं तिथंच. मागच्या वर्षी मामांच्या गाडीवर आमचा असाच अख्खा रविवार गेला. गाडी जुनी, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, म्हणजे खरं तर सोपं काम. पण मी सुरुवातच चुकीची केली म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण त्या गाडीत मामा-मामी दर महिन्याला पसरणी घाट उतरतात आणि ब्रेकच्या बाबतीत "चालतंय की" हा शब्द मला आता ऐकवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेडल "मऊ" आहे म्हणून सोडून देणं. मऊ म्हणजे कसं मऊ ते आधी बघा, पाना नंतर हातात घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल, मग एकदा दाबून पाय तसाच धरून ठेवा. स्पंजासारखं दबतंय आणि भराभर पंप मारले की वर येऊन कडक होतंय, तर बहुतेक आत हवा आहे. पाय स्थिर ठेवलाय तरी पेडल हळूहळू खाली सरकत चाललंय, तर एकतर कुठूनतरी ऑइल गळतंय नाहीतर सिलिंडरच्या आतलं रबर प्रेशर धरत नाही. आणि पेडल खूप खाली जातंय पण तिथं पोचल्यावर दगडासारखं कडक लागतंय, तर हवेचा प्रश्नच नाही, कुठंतरी गॅप जास्त आहे. तिन्हीचे उपाय वेगळे, म्हणून गॅप असलेल्या गाडीची कितीही हवा काढा, काही फरक पडत नाही.

(इंजिन चालू केल्यावर पेडल थोडं खाली जातं ते बूस्टरचं काम आहे, त्याला फॉल्ट समजू नका.)

आता हवेचं. नवा सिलिंडर डब्यातून निघतो तेव्हा आत पूर्ण कोरडा असतो, आणि मी तो तसाच गाडीवर चढवला, हीच माझी चूक. चाकाच्या निपलमधून (ब्रेकवरच्या हवा काढायच्या स्क्रूमधून) ती हवा निघेल असं वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत सिलिंडर पुढच्या तोंडाला थोडा वर उचललेला असतो, त्यामुळे हवा तिथंच वर अडकून बसते आणि पेडल दाबलं की फक्त दबते नि परत फुगते. सिलिंडर बसवायच्या आधी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बोल्टच्या भोकाच्या कानाला धरून सपाट पकडायचा, बॉडी आवळायची नाही, दोन्ही आउटलेटला छोट्या नळ्या लावून त्यांची तोंडं सिलिंडरवरच्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवायची आणि बोथट दांड्यानं पिस्टन हळूहळू ढकलायचा. आम्ही सगळं उलगडून हे केलं तेव्हा पहिल्या पाच-सहा स्ट्रोकला नळीतून सोड्यासारखे बुडबुडे आले, मग मोहरीएवढे, मग एकेक सुटा, आणि दहा-बारा मिनिटांनी नळी काचेसारखी स्वच्छ. मामा म्हणाले, "अरे, एवढी हवा आत होती आणि आपण सकाळपासून चाकाशी बसलोय!"

सिलिंडर आधीच बसवून झाला असेल तर लगेच काढू नका. खाली फडकी अंथरा, एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं आउटलेटचा पाइप नट जरासा सैल करायचा, हवा-ऑइल येऊ द्यायचं, नट आवळायचा आणि मगच पाय सोडायचा. गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलून नीट स्टँड लावले तर सिलिंडर सपाट होतो आणि हवा लवकर निघते. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, नाहीतर रंग उठतो.

चाकाची हवा काढतानाही घाई नडते. भराभर पंप मारले की ऑइलला फेस येतो आणि बारीक बुडबुडे निघता निघत नाहीत. निपल बंद व्हायच्या आधी पेडलवरचा पाय सुटला की हवा परत आत, म्हणून दोघांनी मोठ्यानं बोलत राहायचं, "दाब, धर, बंद केलं, सोड." टाकी एकदा जरी रिकामी झाली तरी सगळं पहिल्यापासून. बाटलीत काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतायचं नाही, आणि कपाटात झाकण उघडं राहिलेली जुनी बाटलीही नको, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) चा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत येऊ शकतो, आणि घाटात गरम झालेल्या ब्रेकला तेवढं पुरत नाही.

क्रम साधारण लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं आधी. पण काही गाड्यांत सर्किट तिरकं असतं (एक पुढचं चाक आणि त्याच्या समोरच्या बाजूचं मागचं चाक एका लाइनवर), तिथं क्रम वेगळा, मॅन्युअल बघा. कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून दाबणारे भाग) काढले असतील तर डावा-उजवा अदलाबदल झालाय का तेही बघा, निपल वरच्या बाजूला हवा. तो खाली आला तर वरची हवा आयुष्यात निघणार नाही.

आमचं पेडल यानंतर स्पंज राहिलं नाही, पण तरी खालीच कडक व्हायचं. इथं एक सोपी टेस्ट कामी आली. हँडब्रेक चार-पाच क्लिक ओढून पेडल दाबलं, तर ते एकदम वर आलं! म्हणजे मागचे ब्रेक शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब होते. ड्रम काढले तर दोन्ही ॲडजस्टर (शू ड्रमजवळ आणणारे स्क्रू) गंजून जाम. साफ करून फिरवले, चाक फिरताना शू जेमतेम घासल्याचा आवाज येईल एवढे, आणि पेडल जागेवर आलं. शू बरोबर असूनही असं होत असेल तर बूस्टरचा पुशरॉड (पिस्टन ढकलणारा दांडा) आणि सिलिंडरच्या पिस्टनमधली गॅप मोजा. गॅप जास्त असली तर पेडल खाली जातं. पण म्हणून रॉड अंदाजानं लांब करू नका, पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ऑइल टाकीत परतायचं भोक बंद राहतं आणि गाडी गरम झाली की ब्रेक आपोआप धरतात.

पार्टवर संशय असेलच तर दुकानदाराशी भांडण्याआधी दोन्ही आउटलेटला त्याच थ्रेडचे प्लग लावा आणि पेडल दाबा. वरच कडक राहिलं तर सिलिंडर ठीक, दोष पुढे पाइपात किंवा चाकात. हळूहळू बसलं आणि प्लगमधून थेंबही गळत नसेल तर सिलिंडर बदलून घ्या. बूस्टरच्या जोडावर, मागच्या बाजूला ओल आहे का तेही बघा, तिथली गळती बाहेरून पटकन दिसत नाही.

एबीएसवाल्या गाडीत युनिटमध्ये हवा शिरली असेल तर नुसत्या पेडलनं ती निघेलच असं नाही, बऱ्याच मॉडेलना स्कॅनर लावून पंप-व्हॉल्व्ह चालवावे लागतात. तिथं घरी अडून बसू नका.

आणि पेडल वर आलं म्हणून थेट रस्त्यावर जाऊ नका. इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा, कोणालातरी सगळे जोड आणि चाकांची आतली बाजू बघायला सांगा, मग मोकळ्या सपाट जागेत चालण्याच्या वेगानं पाच-सहा वेळा थांबवून बघा. आम्ही सोसायटीच्या आवारात हे केलं, रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी टाकीतली लेव्हल रात्रीच्या खुणेवरच होती, तेव्हा मामांच्या हातात चावी दिली.