सिनेगॉगमध्ये म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात बायकांनी गायचं का? जायच्या आधी हे बघा

आधी विचारून घ्या की सिनेगॉग कुठल्या पंथाचं आहे. ऑर्थोडॉक्स म्हणजे कडक परंपरा पाळणारं असेल तर बायका मेहित्झाच्या म्हणजे आडपडद्याच्या पलीकडे बसतात, तिथे एकटीने आवाज चढवू नका, तालमूद या ज्यू धर्मग्रंथातल्या शमुएल नावाच्या पंडिताच्या वाक्यावरून आलेला 'कोल इशा'चा (म्हणजे 'बाईचा आवाज') नियम आहे, परक्या पुरुषाने बाईचं गाणं ऐकू नये असा. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या जेवणाला सगळे मिळून झमिरोत ही भक्तिगीतं गातात तेव्हा मात्र घरातल्या बाईंकडे बघा, त्या मोकळ्या गळ्याने गात असतील तर तुम्हीही गा, नुसते ओठ हलवत असतील तर तुम्हीही तेवढंच, कारण एकत्र गाण्याला काही रब्बी (ज्यू धर्मगुरू) परवानगी देतात आणि काही अजिबात नाही. रिफॉर्म म्हणजे सुधारणावादी पंथात बिनधास्त गा, तिथे १९७५ पासून बायका कॅन्टर, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणाऱ्या, आहेत, आणि मला तरी हे फार मोलाचं वाटतं! कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या पंथात बायका कॅन्टर आहेत १९८७ पासून.